सेरेंगेटीहून झांझिबारला: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

आधी आफ्रिकेतलं जंगल आणि मग एखाद्या शांत बेटावर चार दिवस, असा बेत कळवणारी बरीच पत्रं यंदा इंदूरच्या वाचकांकडून आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. प्रवेशशुल्क आणि विमानांची वेळापत्रकं बदलत राहतात, तेव्हा पैसे भरण्याआधी ते आकडे पुन्हा पडताळून घ्या. ऋतू, वारे, अंतरं आणि भरती-ओहोटी यांवर मात्र बिनधास्त बेत आखता येतो.

आम्ही दोघंही निवृत्त, वय ६७ आणि ६३. कान्हा, पेंच, सातपुडा पाहून झालं. फेब्रुवारी २०२७ मध्ये टांझानियात सफारी आणि झांझिबारला विश्रांती असे दोन आठवडे काढायचे आहेत. एक एजंट म्हणतो आधी बेट, दुसरा म्हणतो आधी जंगल. कोणाचं ऐकावं? कुठे किती दिवस ठेवावेत?
— एक दांपत्य, साउथ तुकोगंज

आधी जंगल, मग बेट. यात आम्हाला शंका नाही.

पहिलं कारण विमानाचं. सेरेंगेटीच्या उद्यानातून निघणारी विमानं दहा-बारा आसनांची असतात. वाटेतल्या धावपट्ट्यांवर प्रवासी घेत-सोडत ती जातात, आणि पाऊस झाला, धावपट्टी ओली राहिली की तासन्‌तास उशीर होतो. जंगल शेवटी ठेवलं तर हा उशीर थेट मुंबईच्या विमानावर येऊन आदळतो. बेट शेवटी असेल तर फार तर समुद्रावरची एक दुपार जाते. दुसरं कारण शरीराचं. सफारीत रोज पहाटे साडेपाचला उठायचं, दिवसाचे सहा ते आठ तास गाडीत काढायचे, वर धूळ. विश्रांती त्यानंतरच लागते. तिसरं कारण पाण्यात उतरणाऱ्यांसाठी. स्कूबा डायव्हिंग केल्यावर विमानात बसण्याआधी, एकच डाइव्ह असेल तर किमान १२ तास आणि अनेक असतील तर किमान १८ तास जाऊ द्यावे लागतात, नाहीतर रक्तातल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊन जीवावर बेतू शकतं. हा नियम उंचीलाही लागू आहे, आणि न्गोरोंगोरो या जुन्या ज्वालामुखीच्या कुंडाचा काठ समुद्रसपाटीपासून सुमारे २,३०० मीटरवर आहे. बेटावरून सरळ तिकडे जाणं म्हणूनच गैरसोयीचं.

आता मार्ग. बहुतेक एजंट बारा महिने एकच कार्यक्रम विकतात: तारांगिरे, मध्य सेरेंगेटी, न्गोरोंगोरो. फेब्रुवारीसाठी तो चुकीचा आहे. तारांगिरेची खरी शोभा जुलै ते ऑक्टोबरच्या कोरड्या दिवसांत, जेव्हा हत्तींचे कळप नदीकाठी जमतात. फेब्रुवारीत सगळीकडे पाणी असतं आणि हत्ती पांगलेले असतात. याच महिन्यात विल्डबीस्ट या मोठ्या हरणांचे कळप दक्षिणेला, न्दुतूच्या आखूड गवताच्या मैदानावर येऊन व्यालेले असतात. त्या भागातली माती ज्वालामुखीच्या राखेची आहे, त्यामुळे गवतात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर, आणि दूध देणाऱ्या माद्यांना तेच हवं असतं. बहुतेक पिल्लं दोन-तीन आठवड्यांच्या अवधीत जन्मतात. सिंह, चित्ते आणि तरस त्यांच्यामागे तिथेच मुक्कामाला असतात. कान्ह्यात सालाच्या झाडीत एका वाघासाठी सकाळ घालवावी लागते. इथे गवत घोट्याएवढं आणि नजर क्षितिजापर्यंत.

आम्ही सुचवतो तो क्रम असा. ४ फेब्रुवारीला मुंबईहून निघून किलिमांजारो विमानतळ, ५ ची रात्र अरुशात. ६ ला दुपारपर्यंत कारातू, सुमारे तीन तासांचा डांबरी रस्ता. ७ ला पहाटे न्गोरोंगोरोच्या कुंडात उतरायचं. कुंडाचा तळ साधारण २६० चौरस किलोमीटरचा, भिंती ६०० मीटर उंच. काळा गेंडा दिसण्याची सगळ्यांत चांगली संधी इथेच. जिराफ मात्र कुंडात राहत नाहीत, त्यांची वाट पाहू नका. काठावर पहाटे धुकं आणि बोचरी थंडी असते, स्वेटर हाताशी ठेवा. दुपारी वर येऊन तसंच न्दुतूला जायचं आणि तिथे तीन रात्री राहायचं. १० आणि ११ च्या रात्री मध्य सेरेंगेटीत, सेरोनेराजवळ. १२ ला सेरोनेराच्या धावपट्टीवरून झांझिबार, तिथे पाच रात्री आणि १७ ला परतीचं विमान. याच तारखा का, ते भरतीच्या उत्तरात आहे.

एजंटला तीन गोष्टी लेखी विचारा. एक, न्दुतूचा मोठा भाग न्गोरोंगोरो संरक्षित क्षेत्रात येतो, सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानात नाही. दोन्हींचे परवाने वेगळे आणि दोन्ही २४ तासांच्या हिशेबाने. मधली सीमा मैदानात डोळ्यांना दिसत नाही, पण परवाना नसेल तर गाइड ती ओलांडणार नाही, मग समोर शंभर मीटरवर चित्ता असला तरी. न्गोरोंगोरोच्या बाजूला न्दुतूत गाडी वाटेवरून खाली उतरवता येते, सेरेंगेटी उद्यानात येत नाही, हाही फरक लक्षात घ्या. दोन, कुंडात उतरण्याचं शुल्क माणशी नसून गाडीमागे आहे, सुमारे २९५ डॉलर. दोघांनी गाडी घेतली तर प्रत्येकी १४७ पडतात, चौघांत ७४. माणशी प्रवेशशुल्क याहून वेगळं. सेरेंगेटीचं करासह दिवसाला ८० डॉलरच्या आसपास, आणि मुक्काम उद्यानाच्या हद्दीत असेल तर रात्रीचं शुल्क आणखी. 'सगळं धरून' म्हणणाऱ्या कोटेशनमध्ये यांतलं काय धरलं आहे ते ओळीने मागा. तीन, गाडी. छत वर उचललं जाणारी लँड क्रूझर हवी आणि प्रत्येकाला खिडकी हवी. न्गोरोंगोरोच्या दारानंतर डांबर संपतं आणि रस्त्याला पत्र्यासारख्या लाटा येतात. पाठीचं दुखणं असेल तर मागच्या चाकांवरची रांग टाळून मधल्या रांगेत बसा. फरक पहिल्याच तासात कळतो.

ड्रायव्हर-गाइडला बक्षिसी गाडीमागे दिवसाला २० ते ३० डॉलर देण्याची रीत आहे आणि ती शेवटच्या दिवशी एकदम देतात. तुमचा गाइड सेरोनेराच्या धावपट्टीवरच निरोप घेईल, तेव्हा पाकीट आदल्या रात्री तयार ठेवा.

लहान विमानात १५ किलोच सामान चालतं असं कळलं. आंतरराष्ट्रीय तिकिटावर तर ४६ किलो आहेत. जास्तीचं सामान अरुशात ठेवता येईल का?
— एक वाचक, स्नेहलतागंज

वरच्या मार्गाने जाणार असाल तर नाही, कारण तुम्ही अरुशाला परत येणारच नाही. इथेच बहुतेकांची फसगत होते. हॉटेल आनंदाने बॅग ठेवून घेतं आणि माणूस झांझिबारला पोचल्यावर बॅग चारशेहून जास्त किलोमीटर लांब राहते.

१५ किलोंत हातातली बॅग आणि कॅमेरासुद्धा धरतात. बॅग मऊ कापडी हवी, चाकांची आणि कडक पाठीची चालत नाही, कारण सामान विमानाच्या पोटातल्या उथळ कप्प्यात दाबून बसवतात. कॅमेऱ्याची मोठी लेन्स नेणाऱ्यांनी आधीच जादा वजनाचे पैसे भरावेत. वजन फार असेल तर सामानासाठी रिकामी सीट विकत घेता येते, पण ती तिकिटाबरोबरच घ्यावी लागते, धावपट्टीवर नाही. कपडे चार दिवसांचे पुरतात. बहुतेक कॅम्पांत धुलाई मिळते. काही ठिकाणी अंतर्वस्त्रं धुऊन देत नाहीत, साबणाची वडी ठेवा.

निळे आणि काळे कपडे सफारीत नकोत. त्सेत्से माशी गडद निळ्या-काळ्या रंगाकडे ओढली जाते, जाड कापडातून चावते आणि नेहमीच्या मलमाला फारशी दाद देत नाही. मातकट, खाकी, फिकट हिरवं चालतं.

झांझिबारचे फोटो पाहून पूर्व किनाऱ्यावर हॉटेल ठरवत होतो. एका परिचितांनी सांगितलं, समुद्र सकाळी निघून जातो, पोहायला पाणीच नसतं. हे कितपत खरं?
— एक वाचक, लोकमान्य नगर

पूर्ण खरं. पाजे, जांबियानी, मातेम्वे हा पूर्व किनारा उथळ प्रवाळ-पठारावर आहे. उधाणाच्या दिवसांत तिथे भरती आणि ओहोटीच्या पातळीत सुमारे चार मीटरचा फरक पडतो, आणि ओहोटीला पाणी काही ठिकाणी किलोमीटरभर मागे सरकतं. मागे राहते ओली वाळू, डबकी, समुद्री अर्चिन या गोल, काटेरी जिवांचे काटे आणि गावातल्या बायकांच्या समुद्रशैवालाच्या शेतीचे खुंट. दृश्य सुरेख, पोहणं अशक्य. उत्तर टोकाचे नुंग्वी आणि केंद्वा मात्र खोल पाण्यावर आहेत, तिथे दिवसभर पोहता येतं. म्हणूनच तिथे गर्दी, बोटी आणि रात्रीचे स्पीकर. केंद्वाला पौर्णिमेच्या सुमारास जाऊ नका, पार्ट्या पहाटेपर्यंत चालतात.

पण यावर आपल्या घरच्या पंचांगात उपाय आहे. कोकणातल्या दर्यावर्दी लोकांचा आडाखा असा, की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण मिळते. झांझिबारसाठी त्या उत्तरात चार मिळवा. अमावास्या-पौर्णिमेला भरती पहाटे चार आणि दुपारी चारच्या आसपास, म्हणजे ओहोटी नेमकी सकाळी दहाला, लोक न्याहारी करून किनाऱ्यावर येतात तेव्हा. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, अधिक चार, म्हणजे भरती सकाळी दहाच्या सुमारास. शिवाय अष्टमीला भांगाची भरती असल्याने पातळीतला फरक जेमतेम एखाद-दीड मीटर राहतो, पाणी फार लांब जातच नाही. वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. आडाखा अर्ध्या-पाऊण तासाने चुकू शकतो, म्हणून हॉटेलला त्या आठवड्याचा भरतीचा तक्ता मागा. प्रत्येक हॉटेलकडे असतो.

साउथ तुकोगंजच्या दांपत्याला तारखा दिल्या त्या याच हिशेबाने. ६ फेब्रुवारी २०२७ ला अमावास्या आहे, २० ला पौर्णिमा. १२ ते १७ हे दिवस अष्टमीच्या अलीकडे-पलीकडे येतात. सोबत आणखी एक लाभ असा, की न्दुतूच्या तंबूतल्या रात्री अमावास्येच्या लगतच्या, आकाश ताऱ्यांनी भरलेलं.

वाऱ्याकडेही पाहा. डिसेंबर ते मार्च ईशान्येकडून कास्काझी वाहतो, जून ते सप्टेंबर आग्नेयेकडून कुसी. कुसीच्या दिवसांत पाजे-जांबियानीला वारा जोराचा असतो, पतंगाच्या दोरीवर पाण्यावरून घसरणाऱ्या खेळाडूंना तो हवा असतो, शांतता शोधणाऱ्याला नको. फेब्रुवारीत उत्तर-पूर्व बाजू खवळते. अशा वेळी मिचाम्वी द्वीपकल्पाची पश्चिमेकडे तोंड असलेली बाजू आम्हाला सगळ्यांत पसंत आहे: आडोसा, कमी वस्ती, आणि पूर्व किनाऱ्याच्या इतकं जवळ असूनही सूर्यास्त समुद्रावर. अगदी निवांतपणा हवा असेल आणि सोयी कमी चालत असतील तर पेंबा किंवा माफिया ही बेटं. माफियाला ऑक्टोबर ते फेब्रुवारी व्हेल शार्क येतात, पण तिथे जायला दार-एस-सलामहून वेगळं विमान लागतं आणि एक दिवस त्यातच जातो. पाच रात्रींहून कमी असतील तर मोह टाळा.

पाण्यात जाताना रबरी तळाचे बूट घाला. अर्चिनचा काटा पायात मोडला तर तो सुईने उकरू नका, तुकडे आणखी आत जातात. सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवा आणि डॉक्टरला दाखवा.

टांझानियाला पिवळ्या तापाची लस लागत नाही असं एजंट सांगतो. मग मुंबईला परतलेल्या काही प्रवाशांना विमानतळावर का अडवतात? आमचं विमान अदिस अबाबामार्गे आहे.
— एक वाचक, रामबाग

एजंट अर्धं बरोबर सांगतो. टांझानिया भारताच्या पिवळ्या तापाच्या यादीत नाही. इथिओपिया आणि केनिया आहेत. या देशांतून निघाल्यावर सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि दाखला नसला, तर विलगीकरणात ठेवण्याचा अधिकार विमानतळावरच्या आरोग्य अधिकाऱ्याला आहे. फक्त विमान बदललं आणि तुम्ही विमानतळाच्या आवारातच राहिलात, हे अधिकाऱ्याला पटलं तर सूट मिळते. घोटाळा होतो तो लांब थांब्यात. कंपनी रात्रीचं हॉटेल देते, माणूस खुशीत शहरात जातो, पासपोर्टवर शिक्का बसतो आणि सूट संपते. टांझानियात शिरतानाही तोच धोका आहे: पिवळ्या तापाच्या देशात १२ तासांहून जास्त थांबलात तर तेही दाखला मागतात.

तेव्हा अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे जाणाऱ्या साठीच्या आतल्या निरोगी माणसाने लस घेऊन टाकावी. एकच डोस, प्रवासाच्या किमान १० दिवस आधी. जुलै २०१६ पासून हा दाखला जन्मभर चालतो. ती फक्त सरकारमान्य केंद्रांतच मिळते, कुठल्याही दवाखान्यात घेतलेल्या लशीचा दाखला चालत नाही. केंद्रं मोजकी आणि वार ठरलेले, म्हणून दोन महिने आधी यादी पाहून नंबर लावा. ही जिवंत विषाणूंची लस आहे. साठीच्या पुढे पहिल्यांदाच घेताना गंभीर दुष्परिणामांचा धोका वाढतो; अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल, प्रतिकारशक्ती दडपणारी औषधं चालू असतील तर ती देतच नाहीत. अशांनी दोहासारख्या आखाती शहरातून विमान बदलावं, मग हा प्रश्नच उरत नाही. वरच्या दांपत्यालाही हाच सल्ला.

हिवतापाचा धोका मुख्य भूमीवर आहे, झांझिबारला कमी. प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरनेच ठरवाव्यात, पण या जोड-सहलीत एक बारकावा त्यांच्या कानावर घाला: डॉक्सीसायक्लिनने कातडी उन्हाला फार हळवी होते आणि ती गोळी परतल्यावर चार आठवडे चालू ठेवावी लागते. बेटावरच्या उन्हात लोक भाजतात ते यामुळे. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल महाग, पण परतल्यावर सातच दिवस घ्यावी लागते आणि उन्हाचा त्रास नाही. परतल्यानंतर पुढचे काही महिने ताप आला तर इंदूरच्या डॉक्टरांना आफ्रिकेला जाऊन आल्याचं आधी सांगा. तिथला फाल्सिपेरम हिवताप वाट पाहत नाही.

घरात कांदा-लसूणसुद्धा न खाणारे आहेत. दहा-बारा दिवस निभेल का? शेव, खाकरे, गोडा मसाला नेता येईल का?
— एक वाचक, छत्रीबाग

निभेल, पण आधी कळवलं तरच. अरुशा आणि झांझिबारच्या स्टोन टाउनमध्ये भारतीय, मुख्यतः गुजराती, वस्ती जुनी आहे आणि शाकाहारी जेवण सहज मिळतं. अडचण जंगलातल्या कॅम्पांत. तिथे सामान ट्रकने येतं, ऐन वेळी काही मिळत नाही. आचाऱ्याला 'व्हेजिटेरियन' एवढंच कळवलं तर सूपमध्ये हाडांचं पाणी आणि केकमध्ये अंडं येतं. बुकिंग करतानाच लिहून द्या: मांस, मासे, अंडी नाहीत, मांसाचं उकळलेलं पाणी नाही, कांदा-लसूण नाही. तोंडी सांगायला एक वाक्य पाठ करा, 'सिली न्यामा, समाकी, वाला मायाई', म्हणजे मी मांस, मासे किंवा अंडी खात नाही. कांद्याला 'कितुंगू' म्हणतात, लसणाला 'कितुंगू सौमू'. नारळाच्या दुधातला राजमा, भात, उगाली (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा), पालेभाजी आणि चपाती हे सगळीकडे असतं.

सगळ्यांत जास्त निराशा करतो तो दुपारचा डबा. कोंबडीची तंगडी, उकडलेलं अंडं, केळं, रसाचं खोकं, हा ठरलेला ऐवज. शाकाहाऱ्याच्या डब्यातून पहिले दोन पदार्थ फक्त काढून टाकतात, बदली काही घालत नाहीत. घरचे खाकरे, दशम्या, शेव, चिवडा इथे उपयोगी पडतात.

मात्र प्लास्टिकच्या पिशवीत नेऊ नका. टांझानियात १ जून २०१९ पासून आणि केनियात ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे आणि विमानतळावर त्या काढून घेतात. कारखान्यातून बंद होऊन आलेलं पाकीट चालतं. सुट्या शेवेसाठी स्टीलचा डबा किंवा कापडी पिशवी. गाडीत उघडा डबा ठेवून उतरू नका, सहलीच्या जागांवर माकडं आणि घारी टपलेल्या असतात. घार हातातला घास उचलते, बोटाला नखं लागतात.

फेब्रुवारीत जाणाऱ्यांसाठी: २०२७ चा रमजान चंद्रदर्शनानुसार ८-९ फेब्रुवारीच्या सुमारास सुरू होईल. झांझिबारची वस्ती जवळपास सगळी मुस्लिम आहे. हॉटेलात जेवण नेहमीसारखं मिळतं, पण स्टोन टाउनमधल्या छोट्या खाणावळी दिवसा बंद असतात. रस्त्यात खाणं-पिणं टाळावं, खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. हा आदर त्या महिन्याबाहेरही ठेवायचा आहे, पोहण्याचे कपडे किनाऱ्यावरच.

मुलगा सात वर्षांचा आहे. शाळेमुळे मे महिना किंवा दिवाळीच मिळते. कधी जावं?
— एक वाचक, सुदामा नगर

मे नको. मार्चअखेर ते मे तिथला मोठा पाऊस असतो, काळी माती गाड्या धरून ठेवते, कितीतरी कॅम्प आणि किनाऱ्यावरची हॉटेलं बंदच असतात. दर उतरलेले दिसतात ते त्यामुळे. उन्हाळी सुटीचा शेवट, जूनचा पहिला-दुसरा आठवडा मिळत असेल तर तो घ्या: पाऊस सरलेला, गवत अजून हिरवं, गर्दी सुरू व्हायची. २०२६ ची दिवाळी ८ नोव्हेंबरला आहे. तेव्हा छोटा पाऊस सुरू होतो, बहुधा दुपारची एखादी सर. सफारीचं त्याने फारसं बिघडत नाही, समुद्राचं पाणी मात्र थोडं गढूळ होऊ शकतं.

सात वर्षांच्या मुलाला सलग सात तास गाडीत बसवू नका. दोन ठिकाणं निवडा, जाताना रस्ता आणि येताना विमान ठेवा. बऱ्याच तंबू-कॅम्पांत कुंपण नसतं आणि किमान वयाची अट असते, आधी विचारा. आठ वर्षांखालच्या मुलांना डॉक्सीसायक्लिन सहसा देत नाहीत, दुसरी गोळी वजनावर ठरते. बेटावर मुलासाठी केंद्वाच बरं, ओहोटीच्या वेळा सांभाळाव्या लागत नाहीत.

आम्ही चार मित्र, बजेट कमी, आठ दिवस. टांझानिया झेपणार नाही. केनियात काही बसेल का?
— एक वाचक, विजय नगर

बसेल, पण मसाई मारा सोडून द्या. माराचं प्रवेशशुल्क २०२४ पासून परदेशी प्रौढाला जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर आहे, तेही १२ तासांच्या तिकिटाला. त्याऐवजी त्सावो ईस्ट उद्यान आणि मोंबासाजवळचा दियानी किनारा जोडा. मधला दुवा रेल्वेचा आहे.

नैरोबी ते मोंबासा ही नवी रेल्वे २०१७ पासून चालते. सकाळची, मधली स्टेशनं घेणारी गाडी घ्या आणि वोई स्टेशनवर उतरा. जलद गाडीच्या फंदात पडलात तर मुक्काम पुढे निघून जाईल. नैरोबीचं हे टर्मिनस शहराबाहेर स्योकिमाऊला आहे, सामानाची कुत्र्यांकडून तपासणी होते, तासभर आधी पोचा. तिकिटांचे पैसे मोबाइलच्या एम-पेसावर घेतले जातात, परदेशी कार्डाला त्रास होतो, म्हणून तिकीट एजंटकडून किंवा खिडकीवर काढा. सुटीच्या दिवसांत जागा आधीच संपतात.

वोईहून उद्यानाचं दार अगदी जवळ. चौघांत एक गाडी, दोन रात्री, तीन फेऱ्या. त्सावो ईस्ट १३,७०० चौरस किलोमीटरहून मोठं आहे, माती लालभडक, आणि त्या मातीत लोळून हत्ती विटकरी रंगाचे दिसतात. इथल्या पुष्कळ नर सिंहांना आयाळ अगदी विरळ असते. १८९८ मध्ये युगांडा रेल्वेचा पूल बांधणाऱ्या मजुरांना, ज्यांत हिंदुस्थानातून नेलेले पुष्कळ होते, ज्या दोन सिंहांनी मारलं ते याच भागातले. जनावरं सेरेंगेटीइतकी दाट नाहीत, हे मान्य करूनच जा. अरुबा धरण आणि गलाना नदीचा काठ सकाळ-संध्याकाळ धरला तर निराशा होत नाही.

मग मोंबासा. तिथून दियानीला जाताना लिकोनीच्या फेरीबोटीसाठी वाहनांची रांग लागते. दोंगो कुंदूचा नवा रस्ता घ्यायला ड्रायव्हरला सांगा. दियानीलाही भरती-ओहोटी मोठी आहे, वर दिलेला आडाखा तिथेही जवळपास लागू पडतो. किनाऱ्यावरचे फेरीवाले चिकट असतात, एकदाच स्पष्ट नाही म्हणा. झाडांवरची काळी-पांढरी कोलोबस माकडं पाहायला विसरू नका, आणि त्यांना खायला घालू नका.

केनियासाठी ऑनलाइन ईटीए, म्हणजे प्रवासाचा इलेक्ट्रॉनिक परवाना, आधी काढावा लागतो आणि परतताना पिवळ्या तापाचा दाखला लागतोच, इथे सूट नाही.

किरकोळ प्रश्न, एकत्र

व्हिसा: टांझानियाचा ई-व्हिसा ५० डॉलर, झांझिबारलाही तोच. सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी गो डॉट टीझेड असतं; नावासारख्या नावाची खासगी स्थळं दुप्पट पैसे घेतात. मुख्य भूमीवरून झांझिबारला गेलात तरी पासपोर्ट पुन्हा तपासतात, तो मोठ्या बॅगेत टाकू नका.

विमा: १ ऑक्टोबर २०२४ पासून झांझिबारला येणाऱ्या परदेशी पर्यटकाला तिथल्याच सरकारी कंपनीचा विमा सक्तीचा आहे, प्रौढाला ४४ डॉलर. भारतात काढलेला प्रवास-विमा त्याची जागा घेत नाही. सफारीतून विमानाने रुग्ण हलवण्याचा खर्च धरलेला भारतीय विमा वेगळा हवाच.

नोटा: जुन्या मालिकेच्या, शाई लागलेल्या किंवा फाटक्या डॉलरच्या नोटा तिथे घेत नाहीत. इंदूरलाच नव्या, कोऱ्या नोटा मागून घ्या, बाजारहाटासाठी शिलिंग.

टीसीएस: परदेशी सहलीच्या पॅकेजवर एजंट कापतो तो कर बुडत नाही, विवरणपत्रात वळता होतो. कापलेल्या रकमेचं प्रमाणपत्र मागून घ्या.

इंदूर-मुंबई विमान आणि आंतरराष्ट्रीय विमान वेगळ्या तिकिटांवर असेल तर सामान पुढे आपोआप जात नाही, आणि पहिलं विमान चुकल्याची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही. मधे किमान सहा तास ठेवा, किंवा आदल्या रात्रीची अवंतिका एक्सप्रेस धरा.

प्लग: तिथे इंग्लंडसारखे तीन चपट्या पिनांचे सॉकेट आहेत, आपला गोल पिनांचा प्लग बसत नाही. तंबू-कॅम्पांत सौर वीज असते आणि चार्जिंग कधी कधी फक्त जेवणाच्या तंबूत, तेव्हा कॅमेऱ्याच्या दोन बॅटऱ्या ठेवा. कॅमेरा टेकवायला तिवई गाडीत निरुपयोगी. कापडाची रिकामी पिशवी न्या आणि अरुशाच्या बाजारात दोन किलो तांदूळ भरून घ्या. सफारी संपल्यावर तांदूळ गाइडला द्या, विमानाच्या १५ किलोंत तो बसणार नाही.